ऑगस्टस सीबे : पाणबुड्याच्या अंगावर शिसे चढवणारा कारागीर

पाण्याखाली जाणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे बुडणे. माणूस आणि त्याचे सामान जितके लिटर पाणी बाजूला सारते, जवळपास तितक्या किलोचा रेटा त्याला वर ढकलतो. हा रेटा फेडण्यासाठी पाणबुडे अंगावर शिसे बांधतात. ते किती बांधायचे आणि कुठे बांधायचे, यावर त्यांचा जीव अवलंबून असतो. या प्रश्नाला टिकाऊ उत्तर देणाऱ्यांमध्ये ऑगस्टस सीबे यांचे नाव महत्त्वाचे आहे.

सीबे यांचा जन्म १७८८ मध्ये जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात झाला. त्यांनी धातुकामाचे शिक्षण घेतले आणि नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत प्रशियाच्या सैन्यात नोकरी केली. युद्धानंतर ते लंडनला आले. तेथील डेन्मार्क स्ट्रीटवर त्यांचे घर आणि कारखाना होता.

चार्ल्स आणि जॉन डीन या भावांनी धुरात शिरणाऱ्यांसाठी कल्पिलेले शिरस्त्राण पुढे पाण्याखाली वापरले जाऊ लागले. १८३० च्या सुमारास ते बनवण्याचे काम सीबे यांच्याकडे आले. वरून पंपाने सोडलेली हवा शिरस्त्राणात येई आणि खालच्या मोकळ्या कडेने निघून जाई. पाणबुड्या सरळ उभा असेपर्यंत सारे ठीक असे. तो तोल जाऊन पडला, की शिरस्त्राणात पाणी शिरे आणि तो गुदमरण्याचा धोका असे.

१८३७ च्या सुमारास सीबे यांनी शिरस्त्राण अंगभर पसरलेल्या जलरोधक पोशाखाला घट्ट जोडले आणि हवा बाहेर सोडण्यासाठी झडप बसवली. अशा जोडणीची सूचना जॉर्ज एडवर्ड्स या अभियंत्याने केली होती. आता पडले तरी पाणी आत येत नसे. मात्र पोशाखात साठलेल्या हवेमुळे वरचा रेटा बराच वाढला.

त्यावर उपाय होता शिशाचा. या धाटणीच्या पोशाखात पुढे छातीवर आणि पाठीवर प्रत्येकी सुमारे १८ किलो, तर प्रत्येक बुटात सुमारे ८ किलो वजन रूढ झाले. ही विभागणी विचारपूर्वक होती. छाती आणि पाठीवरचे वजन धडातील हवेचा रेटा फेडून माणसाला तळावर ठेवी. बुटांचे वजन पाय खाली ठेवी. पाय वर गेले, तर हवा पायांकडे धावे आणि शिरस्त्राणातल्या झडपेतून ती सोडता येत नसे. मग फुगलेला पोशाख पाणबुड्याला वेगाने वर फेकी. असे अचानक वर येणे जीवघेणे ठरू शकते.

या पोशाखाची कसोटी इंग्लंडमधील स्पिटहेड येथे लागली. तिथे १७८२ मध्ये 'रॉयल जॉर्ज' ही युद्धनौका शेकडो लोकांसह बुडाली होती. १८३९ पासून कर्नल चार्ल्स पॅस्ली यांच्या नेतृत्वाखाली तिचे अवशेष हटवण्याचे काम चालले. तिथे सीबे यांचा बंद पोशाख उपयोगी ठरला आणि त्याची शिफारस झाली. १८७२ मध्ये लंडनमध्ये सीबे यांचे निधन झाले. त्यांचा व्यवसाय पुढे 'सीबे गोरमन' या नावाने प्रसिद्ध झाला.

आजचा स्कूबा पाणबुड्या पाठीवर धातूची बॅकप्लेट बांधून तिच्यावर सिलिंडर अडकवतो. त्याच्यापुढेही सीबे यांचाच प्रश्न असतो, पण उत्तर वेगळे येते. सीबे यांचा पाणबुड्या तळावर उभा राहून काम करी. स्कूबा पाणबुड्या आडवा तरंगतो. त्यामुळे पायात वजन घातले, तर पाय खाली ओढले जातात. पोलादी प्लेटचे काही किलो वजन धडाच्या मध्यावर, फुप्फुसांतील हवेजवळ येते आणि पट्ट्यावरचे शिसे तितके कमी करता येते.

आणखी एक फरक जिवाशी निगडित आहे. सीबे यांच्या पाणबुड्याला वरून दोर असे. संकटात वरचे सोबती त्याला ओढून घेत. स्कूबा पाणबुड्याला तो आधार नाही. बॅकप्लेट पाण्याखाली काढून टाकणे सोपे नसते. म्हणून सारे वजन प्लेटवरच न ठेवता काही भाग एका हाताने सोडता येईल अशा पट्ट्यावर किंवा खिशात ठेवणे हिताचे असते. मात्र सोडता येणारे वजन चुकून गळून पडणार नाही, याचीही खात्री करावी लागते. कारण त्याने पुन्हा तेच होते, जे सीबे यांना टाळायचे होते : माणूस वेगाने वर फेकला जातो.