'अंगणवाडी' हा शब्द आला कुठून? ताराबाई मोडकांनी पोरांच्या दारात नेलेली शाळा

पुणतांब्यात विचारा की पालघरच्या पाड्यावर, अंगणवाडी सगळ्यांना माहीत असते. पण तिला अंगणाचं नाव का, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यासाठी ताराबाई मोडकांना भेटावं लागेल.

जन्म 1892, मुंबई. घर प्रार्थना समाजाचं. 1914 ला पदवीधर झाल्या. अमरावतीच्या वकिलाशी लग्न झालं, ते टिकलं नाही. पदरात मुलगी. राजकोटला नोकरी केली आणि 1923 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम सुरू केलं. 1926 ला नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला.

इथवर सगळं शहरी. मॉन्टेसरीची साधनं महाग, त्यामुळे बालशिक्षण म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांची चैन. ताराबाईंना हेच खुपत होतं. वयाच्या पन्नाशीनंतर, 1945 ला त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीत बालवाडी काढली. सोबतीला अनुताई वाघ.

पण वस्तीवरची गरीब पोरं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आधी हातपाय धुणं, नखं कापणं, मग खेळ.

साधनं काय? बिया, शिंपले, खडे, पानं, माती. बिया ओवताना बोटांना वळण लागतं, पुढे पेन्सिल धरायला तेच कामी येतं. शिंपले लहान-मोठे लावताना मोजणी आणि तुलना येते. हातवारे करत गाणी म्हटली की शब्द वाढतात. गोलात बसून खेळताना आपली पाळी येईपर्यंत थांबायचं असतं, आणि तीन-चार वर्षांच्या पोराला सगळ्यात अवघड जातं ते हेच. आज आपण ऑनलाइन मागवतो त्या 'एज्युकेशनल टॉय'च्या डब्यात याहून वेगळं काय असतं?

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींमध्ये गेलं. तिथे नवी अडचण. मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळत घरीच राहायची. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती विकासवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शिक्षक कुरणातच जायचे, ती कुरणशाळा.

1962 ला पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 ला ताराबाई गेल्या. सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली 2 ऑक्टोबर 1975 ला, आणि तिच्या केंद्रांना देशभर नाव मिळालं अंगणवाडी. कोसबाडचं काम पुढे 1992 पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, अनुताईंनी सांभाळलं.