अ‍ॅडमिरल मार्क मिचर

मार्क मिचर यांचा जन्म २६ जानेवारी १८८७ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात झाला. अभ्यासात ते मागेच होते. नौदलाच्या अकादमीतून त्यांना दोन वर्षांत बाहेर पडावे लागले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९१० साली ते पास झाले, तेही वर्गाच्या शेवटच्या मुलांत.

१९१६ साली ते वैमानिक झाले. अमेरिकन नौदलाच्या वैमानिकांत त्यांचा क्रमांक ३३ वा. १९१९ साली अटलांटिक महासागर ओलांडताना धुक्यामुळे त्यांचे विमान अझोर्स बेटांजवळ समुद्रात उतरले. ते पुन्हा उडू शकले नाही. एका ग्रीक जहाजाने सर्वांना वाचवले.

दुसऱ्या महायुद्धात ते हॉर्नेट या विमानवाहू जहाजाचे कप्तान होते. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत त्यांची बहुतेक विमाने सकाळी शत्रूपर्यंत पोचलीच नाहीत. १५ टॉर्पेडो विमाने पोचली, ती सर्व पाडली गेली. त्यांतल्या ३० जणांपैकी एकच जगला.

१९४४ साली पॅसिफिक महासागरात विमानवाहू जहाजांचा मोठा ताफा त्यांच्या हाताखाली होता. टोपीचा लांब पुढा कपाळावर ओढून, वाऱ्याकडे पाठ करून ते खुर्चीत बसत. बोलत फार कमी.

२० जूनला संध्याकाळी जपानी आरमाराचा ठावठिकाणा लागला, पण फार दूर. परतताना अंधार पडेल, इंधन संपत येईल, हे ठाऊक असूनही मिचर यांनी २०० हून अधिक विमाने पाठवली. रात्री ती परत आली तेव्हा खाली सगळा काळोख होता. पाणबुड्यांच्या भीतीने जहाजांवर दिवे लावायला बंदी होती. मिचर यांनी सर्व दिवे लावायला सांगितले. शोधदीपही आकाशाकडे वळवले. ज्याला जे जहाज सापडेल त्यावर त्याने उतरावे, असा हुकूम दिला.

तरीही सुमारे ८० विमाने समुद्रात पडली किंवा उतरताना मोडली. पण त्यांतली बहुतेक माणसे पाण्यातून जिवंत काढली. उरलेले जपानी आरमार मात्र निसटले.

१९४६ साली मिचर अ‍ॅडमिरल झाले आणि अटलांटिक आरमाराचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. ३ फेब्रुवारी १९४७ रोजी, वयाच्या ६० व्या वर्षी ते वारले.

वर्गात बोलूया: विमाने पाठवणारे आणि दिवे लावणारे मिचर एकच. त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? घरी आजी-आजोबांनाही विचारा आणि त्यांचे उत्तर मराठीत लिहून आणा.