जॉन न्यूटन, अथवा रूढीने झाकलेले पाप

मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदा येथील एका आंधळ्याची गोष्ट आहे. प्रभूने त्याला गावाबाहेर नेले व त्याच्यावर हात ठेवले, तेव्हा त्याला दिसू लागले खरे, परंतु चालणारी माणसे त्याला झाडांसारखी दिसत होती. प्रभूने पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले, तेव्हा कोठे त्याला सर्व स्पष्ट दिसले. एका स्पर्शाने त्याला बरे करण्याचे सामर्थ्य प्रभूला नव्हते असे नाही. परंतु पुष्कळ विश्वासणाऱ्यांची दृष्टी ह्याच रीतीने उघडते, आणि त्यांच्या धीराकरिता व सावधगिरीकरिता ही गोष्ट लिहून ठेविली आहे, असे आम्हांस वाटते. ज्या मनुष्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्याच्या पहिल्या स्पर्शापासून दुसऱ्या स्पर्शापर्यंत चाळीस वर्षे गेली.

जॉन न्यूटन ह्याचा जन्म इ.स. १७२५ च्या जुलै महिन्यात लंडन शहरी झाला. बाप व्यापारी गलबतावर कप्तान असून बहुतकाळ समुद्रावर असे. आई देवभीरू होती. तिने आपल्या एकुलत्या एका मुलास लहानपणीच शास्त्रवचने, प्रश्नोत्तरावली व गीते पाठ करविली. मुलगा सात वर्षांचा होण्याच्या आधीच ती क्षयाने वारली. अकराव्या वर्षी तो बापाबरोबर समुद्रावर जाऊ लागला, आणि खलाशांच्या संगतीत आईने शिकविलेले सर्व हळूहळू विसरला. पुढे त्याला इंग्रजी आरमारात जबरीने भरती करण्यात आले. तेथून तो पळाला, पकडला गेला, सर्वांदेखत त्याला फटके बसले व त्याचा हुद्दा गेला. ह्या काळात देव नाही व पापपुण्यही नाही अशा मताचा तो झाला, आणि इतरांचाही विश्वास मोडण्यात त्याला आनंद वाटू लागला.

इ.स. १७४५ मध्ये तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला व तेथे गुलामांचा व्यापार करणाऱ्या एका गोऱ्या मनुष्याच्या चाकरीस राहिला. तेथे त्याला ताप आला, उपासमार झाली, आणि खुद्द धन्याच्या घरी त्याची गुलामासारखी दशा झाली. रात्री शेतातील कंदमुळे उपटून तो कच्ची खाई. त्या दिवसांत साखळदंडांत असलेल्या काही गुलामांनी आपल्या तुटपुंज्या अन्नातून घास काढून लपूनछपून त्याला आणून दिला. ही एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

त्याच्या बापाने ठाव काढण्यास सांगितल्यावरून एका गलबताच्या कप्तानाने त्याला तेथून नेले. इ.स. १७४८ च्या मार्च महिन्यात ते गलबत अटलांटिक महासागरात मोठ्या वादळात सापडले. एका बाजूच्या फळ्या उखडल्या व पाणी आत भरू लागले. न्यूटन वर जात असता कप्तानाने त्याला सुरी आणण्यास परत पाठविले. त्याच्या जागी जो वर गेला, त्याला लाटेने तत्काळ ओढून नेले. गलबतात मेण व हलके लाकूड भरलेले होते, म्हणूनच ते तरले. न्यूटन तासानुतास पंपाने पाणी उपशीत होता, आणि त्या दिवशी पुष्कळ वर्षांनी त्याच्या तोंडून देवाच्या दयेचे नाव निघाले. आपणासारख्याला दया कशी मिळेल, हा प्रश्न त्याच्या मनात लगेच उभा राहिला.

त्यानंतर चार आठवडे ते मोडके गलबत अन्नावाचून समुद्रावर भटकत होते. त्या काळात न्यूटनने नवा करार हाती घेतला. लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात, जे मागतात त्यांना स्वर्गीय पिता पवित्र आत्मा देईल, असे वचन त्याने वाचले. हे पुस्तक खरे असेल तर हे अभिवचनही खरे असले पाहिजे, आणि ते मागून पाहिल्यावाचून त्याची सत्यता कळणार नाही, असा विचार करून तो प्रार्थना करू लागला. एप्रिल महिन्यात गलबत आयर्लंडच्या किनाऱ्यास लागले. शिव्याशाप त्याने सोडले, प्रार्थना धरली, आणि वादळाचा तो दिवस पुढे आयुष्यभर उपकारस्मरणाचा दिवस म्हणून पाळला.

पुष्कळ ठिकाणी हे चरित्र येथेच संपवितात. वादळ झाले, पश्चात्ताप झाला, पापी मनुष्य नवा झाला, असे सांगून उपदेशक पुस्तक मिटतो. परंतु जे खरोखर घडले ते ह्याहून कठीण आहे, आणि म्हणूनच आमच्या अधिक उपयोगाचे आहे.

वादळानंतर न्यूटनने गुलामांचा व्यापार सोडला नाही; उलट त्यात तो वर चढला. आधी गलबतावरचा मुख्य अधिकारी झाला, आणि इ.स. १७५० पासून १७५४ पर्यंत कप्तान म्हणून तीन सफरी त्याने केल्या. हा व्यापार कसा चाले तो आमच्या वाचकांस सांगितला पाहिजे. इंग्लंडातून कापड, बंदुका, दारू असा माल भरून गलबते आफ्रिकेस जात. तेथे त्या मालाच्या मोबदल्यात पुरुष, स्त्रिया व मुले विकत घेत, आणि महासागरापलीकडे वेस्ट इंडीज बेटांत उसाच्या मळ्यांवर कामासाठी विकीत. त्या पैशाची साखर भरून गलबते घरी येत. तळघरात दोन-दोन पुरुषांना एकत्र बेडी घालून, फळ्यांवर एकमेकांस चिकटून निजवीत. धड उठून बसण्यासही जागा नसे. रोगाने पुष्कळ मरत, आणि त्यांची प्रेते समुद्रात टाकीत.

अशा गलबतावर कप्तान न्यूटन दर रविवारी खलाशांना जमवून दोनदा उपासना चालवी. वर प्रार्थना होत असे आणि खाली साखळदंड वाजत असत. तो ढोंगी नव्हता. तो नित्य पवित्र शास्त्र वाचीत होता, आपल्या पत्नीला धर्माची पत्रे लिहीत होता, बेड्यांचे हे काम त्याला कधी कधी नकोसे वाटे, आणि देवाने आपणास दुसरा सौम्य धंदा द्यावा अशी प्रार्थनाही तो करी. परंतु हा धंदा पाप आहे, असे त्याच्या मनात आले नाही. मनुष्याला चोरून विकणाऱ्याला निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात देहान्त शिक्षा सांगितली आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अशा लोकांची गणना खुनी व लबाड ह्यांच्याबरोबर केली आहे. ही पाने त्याच्या हातातील पुस्तकात होती. त्याने शास्त्राला आपल्या शिव्यांवर अधिकार चालवू दिला. आपल्या धंद्यावर अद्याप चालवू दिला नव्हता. ज्यांनी त्याला घास दिला होता, त्यांचेच जातभाई त्याच्या पायांखाली होते, आणि ती माणसे त्याला झाडांसारखी दिसत होती.

इ.स. १७५४ मध्ये चौथ्या सफरीच्या आधी त्याला एकाएकी झटका आला व वैद्यांच्या सल्ल्यावरून त्याने समुद्र सोडला. म्हणजे धंदा सुटला तो आजाराने, सदसद्विवेकबुद्धीने नव्हे. नंतर त्याने लिव्हरपूल बंदरात सरकारी नोकरी केली, ग्रीक व इब्री भाषांचा अभ्यास केला, आणि इ.स. १७६४ मध्ये त्याला पाळकपणाची दीक्षा मिळून ओल्नी गावची मंडळी त्याच्याकडे आली. त्याच वर्षी त्याने आपली हकीकत छापली. तीत आपल्या नास्तिकपणाबद्दल व दुराचाराबद्दल पुष्कळ दुःख आहे. माणसे विकल्याबद्दल पश्चात्ताप मात्र जवळजवळ नाहीच.

ओल्नी येथे न्यूटनसाहेबांनी गरीब, निरक्षर लोकांची मोठ्या ममतेने सेवा केली. कवी विल्यम कूपर ह्यांच्यासह त्यांनी रचिलेला गीतसंग्रह इ.स. १७७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील देवाच्या अद्भुत कृपेवरील गीत त्यांनी इ.स. १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी तयार केले होते, आणि आज ते जगभर गाइले जाते. इ.स. १७८० मध्ये ते लंडनला एका मंडळीचे पाळक झाले. इ.स. १७८५ च्या डिसेंबरात विल्यम विल्बरफोर्स नावाचा एक तरुण पार्लमेंटसभासद गुप्तपणे त्यांच्याकडे सल्ला विचारण्यास आला. राजकारण न सोडता तेथेच देवाची सेवा करावी, असे त्यांनी त्याला समजाविले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटात पुढे ह्याच तरुणाने वर्षानुवर्षे झुंज दिली.

त्या वेळेपर्यंत इंग्लंडात क्वेकर व इतर ख्रिस्ती जन ह्या व्यापाराविरुद्ध उघड बोलू लागले होते, आणि इ.स. १७८७ मध्ये तो बंद करविण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. आता प्रभूचा दुसरा स्पर्श झाला. इ.स. १७८८ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, न्यूटनसाहेबांनी आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापारावर एक छोटे पुस्तक छापून प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी स्वतःचा हात झाकला नाही. ज्या व्यापाराच्या आठवणीने आता आपले काळीज थरथरते, त्यात आपण एके काळी प्रत्यक्ष भाग घेतला, हे त्यांनी कबूल केले. आणि ही कबुली फार उशिरा येत आहे, हेही कबूल केले. त्याच वर्षी राजाच्या सल्लागार मंडळापुढे आणि इ.स. १७९० मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली.

जक्कयाने ज्यांना लुबाडले होते त्यांना तो चौपट परत देऊ शकला. न्यूटनसाहेबांना ते शक्य नव्हते. समुद्राने गिळलेल्यांना कोण परत आणणार, आणि उसाच्या मळ्यांत खपून मेलेल्यांच्या मुलाबाळांना कोण शोधणार? त्यांच्यापाशी एकच वस्तू राहिली होती, ती म्हणजे सत्य. आणि ते सांगण्यात आपली अब्रू जात असताही त्यांनी ते सांगितले. पापाची क्षमा प्रभूच्या रक्ताने होते, आमच्या भरपाईने नव्हे. परंतु ज्याला क्षमा मिळाली आहे तो आपल्या हातून झालेली हानी लपवीत नाही.

इ.स. १८०७ च्या मार्च महिन्यात इंग्रजी राज्यात हा व्यापार बंद करणारा कायदा झाला. वृद्ध व जवळजवळ अंध झालेल्या न्यूटनसाहेबांना तो दिवस दिसला, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी, ८२ वर्षांचे असता, ते प्रभूजवळ गेले.

आपले डोळे इतका काळ का झाकले होते, ह्याची कारणे त्यांनी स्वतःच दिली: रूढी, इतरांचा कित्ता, आणि लाभ. प्रिय बंधुभगिनींनो, ही तीन झापडे आमच्याही गावांत मिळतात. दारू आणि चोरी ही पापे आहेत हे आम्ही सर्व जाणतो, कारण शेजारीही तसेच म्हणतात. परंतु ज्याला सगळा गाव चालरीत म्हणतो त्याचे काय? मुलाच्या लग्नात हुंडा घेणे, प्रभुभोजनाला एकत्र बसूनही सोयरीक जुळविताना जुनी जात विचारणे, भाऊबंदकीच्या खटल्यात आपल्या माणसासाठी खोटी साक्ष देणे, सुगी संपली तरी मजुराची मजुरी अडकवून ठेवणे, ह्या गोष्टी शास्त्राने पाप ठरविलेल्या नाहीत काय? याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडून पाहा. ती अडकवलेली मजुरी देवाकडे ओरड करीत आहे.

उपदेशक बंधूंना आमची विशेष विनंती आहे. आवडीचे तेच ते अध्याय पुन्हा पुन्हा वाचू नका. पुस्तके क्रमाने वाचा व मंडळीलाही वाचून दाखवा, म्हणजे जेथे वचन आम्हांला गोड लागते तेथे, आणि जेथे बोचते तेथेही, ते आमच्यावर अधिकार चालवील. कोणी गरीब बंधू किंवा भगिनी शास्त्र दाखवून आमचे पाप पुढे ठेवील, तर रागावू नका. न्यूटनसाहेबांचे डोळे उघडण्याच्या आधी दुसऱ्यांनी उघडपणे बोलावे लागले होते.

आणि ज्याला आज नव्यानेच आपले जुने पाप दिसले, त्याने निराश होऊ नये. आपला बाप्तिस्मा व्यर्थ गेला असे त्याने समजू नये. प्रभूने ज्याचा हात धरून गावाबाहेर नेले, त्याला अर्धवट दृष्टीत सोडून दिले नाही. त्याने केवळ जागचे हलू नये, आणि दुसऱ्या स्पर्शासाठी आपला चेहरा पुढे करावा. स्तोत्रकर्त्याप्रमाणे आम्हीही ह्या आठवड्यात देवाला विनवू की त्याने आमचे अंतःकरण झडावे, आमच्यात दुष्टपणाचा मार्ग आहे की काय ते पाहावे, आणि आम्हांस सनातन मार्गाने चालवावे. आमेन.