जेपींची चार वर्षे

नोव्हेंबर १९७५. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जयप्रकाश नारायण यांना आणले, तेव्हा त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली होती. वय ७३.

बिहारमधल्या सिताबदियाराचा हा मुलगा १९२२ मध्ये अमेरिकेला गेला, मिळेल ती मजुरी करून शिकला. १९४२ च्या दिवाळीत हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून पसार झाला. शरीर काटक, पण पुढे मधुमेह आणि हृदयविकार मागे लागले. आणीबाणीत २६ जूनच्या पहाटे अटक झाली आणि चंडीगडच्या रुग्णालयात त्यांना कैदेत ठेवले. मूत्रपिंडे नेमकी कशाने गेली, यावर बरेच वाद झाले.

मुठीएवढा हा अवयव. प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या. दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला जवळपास सगळा रक्तात परततो आणि उरलेली दीड लिटरभर लघवी मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते. निम्म्याहून अधिक काम बंद पडले तरी त्रास जाणवत नाही. लघवी नीट होते म्हणजे किडनी ठणठणीत, हा समज म्हणूनच चुकीचा. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्यावे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते शरीराबाहेर पडते मुख्यतः लघवीवाटे. किडनी थकली की हाडांत अधिक साठते.

जेपींना डायलिसिसवर ठेवले. रक्त बाहेर काढायचे, पातळ पडद्यातून स्वच्छ करायचे, परत शरीरात सोडायचे. प्रत्येक वेळी काही तास. तेव्हा देशात ही सोय मोजक्याच रुग्णालयांत होती. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. पंतप्रधानांच्या निधीतून आलेली रक्कम मात्र जेपींनी परत केली. यंत्र रक्त गाळते, पण रक्तनिर्मितीला चालना देणारे किडनीचे संप्रेरक काही तयार करत नाही. त्यामुळे अशा रुग्णाला थकवा कायमचा.

त्या अवस्थेत त्यांनी १९७७ च्या निवडणुकीत विरोधकांना एकत्र ठेवले आणि सत्तापालट पाहिला. २२ मार्च १९७९ रोजी अफवेवरून संसदेने त्यांना श्रद्धांजलीही वाहून टाकली; ते जसलोकमध्ये जिवंत होते! ८ ऑक्टोबरला पाटण्यात त्यांचे निधन झाले. ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता.