दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी, जे. पी.

दिगंबर जैन समाजात ‘दानवीर’ ही उपाधी ज्यांच्या नावाशी एकरूप झाली, त्या शेठ माणिकचंदजींचा जन्म १८५१ साली सुरतेस झाला. घरची स्थिती बेताची. मातेचे छत्र बालपणीच हरपले. शाळेशी संबंध आला तो अल्पकाळच. लहान वयातच भावांसमवेत ते मुंबईस आले व मोती ओवण्याचे काम शिकू लागले. सचोटी आणि मोत्यांची पारख यांच्या बळावर बंधूंनी ‘माणिकचंद पानाचंद’ ही पेढी उभारली. पुढे या पेढीचे मोती युरोपच्या बाजारात जाऊ लागले.

त्या काळी श्रीमंतांच्या दानाचा ओघ मंदिरे, प्रतिष्ठा-महोत्सव आणि संघयात्रा यांकडे असे. शेठजींनी तेही कर्तव्य चुकविले नाही. ते तीर्थक्षेत्र कमिटीचे आधारस्तंभ होते, आणि मुंबईस उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी हिराबाग धर्मशाळा बांधली. तथापि त्यांच्या दानाचे खरे वैशिष्ट्य बोर्डिंगांत आहे. शहरांत शाळा होत्या. परंतु खेड्यातल्या जैन मुलाने तेथे राहावे कोठे, आणि सूर्यास्तापूर्वी शुद्ध आहार घ्यावा कोठे, हा प्रश्न मातापित्यांना अडवीत असे. मग मुलगा बुद्धिमान असूनही दुकानाच्या गादीवर बसे. ही अडचण शेठजींनी नेमकी हेरली. स्वतः विद्येला मुकलेल्या माणसालाच ती इतकी स्पष्ट दिसली, असे म्हणावे लागते. १९०० साली मुंबईत त्यांनी वडिलांच्या नावे ‘शेठ हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग’ स्थापन केले. अन्य शहरांतील बोर्डिंगांनाही त्यांनी मुक्तहस्ते साह्य केले.

त्यांत कोल्हापूरचे जैन बोर्डिंग होते. तेथे राहून शिकलेल्या मुलांपैकी एक म्हणजे भाऊराव पाटील. हा विद्यार्थी काही आज्ञाधारक नव्हता! अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्याचे त्याने नाकारले आणि त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली आणणारे वसतिगृह काढले.

शेठजींच्या घरातच एक दुःख होते. त्यांची कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. रूढीप्रमाणे तिचे उर्वरित आयुष्य घराच्या कोपऱ्यात जावयाचे. पित्याने मात्र तिच्या हाती पुस्तक दिले, शिक्षणाची व्यवस्था केली आणि समाजाच्या कुजबुजीकडे लक्ष दिले नाही. लक्षावधींच्या देणग्यांपेक्षा हे पाऊल अधिक धैर्याचे होते. मगनबाईंनी १९०९ साली श्राविकाश्रम सुरू केला आणि आपल्यासारख्याच स्त्रियांना, ज्यांतल्या कित्येक बालविधवा होत्या, अक्षरओळख व स्वावलंबनाची वाट खुली केली.

१६ जुलै १९१४ रोजी शेठजींचे मुंबईत देहावसान झाले. आश्रमाचे कार्य मगनबाईंनी पुढे १९३० पर्यंत, आपल्या अंतापर्यंत, चालविले.