साडेतीन मिनिटांच्या केसरबाई

पळसाच्या फांदीवर एक बारीकसा किडा बसतो, फांदीचा रस पितो आणि स्वतःभोवती तांबूस राळ जमवतो. ती खरवडून काढली की झाली लाख. आपल्या भंडारा-गोंदियाच्या झाडीत ती पिढ्यान्‌पिढ्या काढली जाते. बांगड्या, मोहोर, वार्निश एवढे तिचे उपयोग आपल्याला माहीत असतात. पण कानात इयरबड्स खोचून कॉलेजला निघालेल्या पोट्ट्यांना सहसा माहीत नसतं, की शंभर वर्षांपूर्वी जगात रेकॉर्ड होणारं बहुतेक संगीत याच लाखेवर कोरलं जायचं. ग्रामोफोनची काळी तबकडी म्हणजे शुद्ध केलेली लाख, दगडाची भुकटी आणि काजळी. आणि साऱ्या जगाला लाख पुरवणारा मुख्य देश होता भारत.

अशाच मोजक्या तबकड्या मागे ठेवून एक बाई गेली. तिला रेकॉर्डिंग या प्रकाराचं फारसं कौतुक नव्हतं. आणि तिचाच आवाज आज माणसाच्या सर्वात दूर पोचलेल्या आवाजांपैकी एक आहे. सूरश्री केसरबाई केरकर त्यांचं नाव. गाणं खिशात आलं तेव्हा आपण काय कमावलं आणि काय घालवलं, हे समजून घ्यायचं असेल तर त्यांच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

केरीची पोर

केसरबाईंचा जन्म 13 जुलै 1892 चा. गाव गोव्यातलं केरी, फोंडा तालुका. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य. कलावंतांच्या घरात गाणं असायचंच, पण त्या काळी गाणाऱ्या बाईला मान कमी आणि नावं ठेवणारी तोंडं जास्त. वयाच्या आठव्या वर्षी घरचे तिला घेऊन कोल्हापूरला आले. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे साधारण आठ महिने शिकणं झालं. गोव्याला परतल्यावर रामकृष्णबुवा वझे तिकडे येत, तेव्हा त्यांच्याकडे. सोळाव्या वर्षी आई आणि मामासोबत मुंबई. मग सतारिये बरकतुल्ला खाँ, काही काळ भास्करबुवा बखले. गुरू मिळायचे, पण टिकायचे नाहीत. कुणी दरबारी नोकरीवर निघून जायचं, कुणी दुसऱ्या गावी.

शेवटी 1921 मध्ये त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. हे खाँसाहेब म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारातले गवई. तरुणपणी गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला होता. बिघडलेल्या आवाजातून त्यांनी स्वतःची नवी, अवघड गायकी उभी केली. ती गायकी उचलायची म्हणजे आधीचं बरंचसं पुसून टाकायचं. केसरबाईंचं वय तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस. म्हणजे आपल्यातले बरेच जण ज्या वयात आता सेटल व्हायला हवं म्हणून घायकुतीला येतात, त्या वयात या बाईंनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. तालीम चालली अकरा वर्षं. 1930 च्या सुमारास त्या व्यावसायिक मैफली करू लागल्या, तरी शिकणं थांबलं नाही. 1946 मध्ये खाँसाहेब गेले, तोपर्यंत ते सुरू होतं.

यातली एक गंमत बघा. त्यांच्या गुरूंपैकी अब्दुल करीम खाँ ग्रामोफोनचे मोठे स्टार होते. भास्करबुवांची आणि अल्लादिया खाँसाहेबांची मात्र एकही तबकडी बाजारात आली नाही. ज्यांनी महाराष्ट्राचं गाणं घडवलं, त्यातल्या दोघांचा आवाज आज आपण ऐकूच शकत नाही. केसरबाई या दोन टोकांच्या मधे उभ्या राहिल्या.

तबकडीचं गणित

जयपूर घराण्याची गायकी म्हणजे घाई नाही. मोकळा, भरदार आकार. दोन-तीन राग एकमेकांत मिसळून झालेले जोडराग. एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत न तुटणारी, वळणं घेत जाणारी तान. असा एक राग मैफलीत पाऊण तास, तासभर सहज चालतो. आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला किती मावायचं? जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं. कारण सरळ होतं. तबकडी मिनिटाला 78 फेरे फिरायची आणि तिच्या खाचा रुंद असायच्या. जागा संपली की गाणं संपलं.

म्हणजे तासाभराच्या गाण्याला त्याच्या सतराव्या हिश्शात बसवायचं. त्यातला संथ, हळूहळू उलगडणारा विलंबित भाग आधी जायचा. उरायची ती बंदिश आणि वेगवान ताना. आवाजाचंही तसंच. गळा ठळक यायचा, पण मागचा तंबोरा सुईच्या खरखरीत बुडून जायचा. हा धंद्याचा नियम सगळ्यांनाच पाळावा लागला, केसरबाईंनाही. पण त्यांच्या ललत, मालकंस, नट कामोद, ललिता गौरी या तबकड्या ऐकल्या की कळतं, त्यांनी राग कापून लहान केला नाही, आवळून घट्ट केला. पहिल्या सुरापासून राग समोर उभा. साडेतीन मिनिटांत एकही ढिला श्वास नाही.

आणि पोर्टेबल ऐकणं हे आपल्या पिढीचं फॅड आहे असं वाटत असेल, तर थांबा. 1931 मध्ये एचएमव्हीने 102 नावाचं मॉडेल काढलं. सुटकेससारखी पेटी, हातात धरायला मूठ, वीज नको. चावी फिरवा, स्प्रिंग भरा, सुई टेकवा. अशा पेट्या बैलगाडीतून, रेल्वेतून गावोगाव फिरल्या. फरक इतकाच, की पेटी उघडली की आजूबाजूची दहा माणसं गोळा व्हायची आणि दर तीन मिनिटांनी कुणाला तरी उठून तबकडी उलटावी लागायची, सुई बदलावी लागायची. गाणं घरात आलं होतं, पण अजून एकट्याचं झालं नव्हतं.

नाही म्हणणारी बाई

केसरबाईंचा दबदबा मोठा होता. राजेरजवाड्यांच्या, धनिकांच्या बैठकी त्यांच्या शब्दावर ठरत. रवींद्रनाथ टागोर त्यांच्या गाण्याचे चाहते. 1948 मध्ये कोलकात्याच्या रसिकांनी त्यांना सूरश्री हा किताब दिला. 1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1969 मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने राज्यगायिका म्हणून गौरवलं.

एवढं नाव असलेल्या कलाकाराने आज काय केलं असतं? चॅनेल काढलं असतं, रोज रील टाकलं असतं. केसरबाईंनी उलट केलं. आपलं गाणं कुठे, कसं, कुणापुढे जाणार याबाबत त्या कमालीच्या काटेकोर होत्या. म्हणून एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या दोन कंपन्यांसाठी मोजक्याच तबकड्या दिल्या आणि हात आखडता घेतला. रेडिओशीही त्यांचं फारसं जमलं नाही. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांनी जाहीर गाणंही थांबवलं. शिष्यांच्या बाबतीतही तोच कडक हात, शिष्या म्हणून नाव घेतलं जातं ते जवळजवळ एकट्या धोंडूताई कुलकर्णी यांचं.

याला अहंकार म्हणता येईल, आणि त्यांच्या काळात अनेकांनी म्हटलंही. पण जरा त्यांच्या बाजूने बघू. अकरा वर्षं रोज घासून मिळवलेली गोष्ट कुणीतरी चहा पिता पिता ऐकणार, मधेच बंद करणार, सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवणार. बैठकीत हे होत नाही. तिथे गाणारा समोरच्याकडे बघून गातो. दाद आली की तान लांबते, ऐकणारा चुळबुळला की वाट बदलते. तबकडीला कान नसतात. केसरबाईंना बहुधा हेच खुपत असावं, असं त्यांच्या निवडींकडे बघून मला वाटतं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्या जर पूर्णपणे हटून बसल्या असत्या तर आज त्या भास्करबुवांसारख्याच फक्त आठवणींत उरल्या असत्या. आणि राजेरजवाड्यांच्या बैठकीत भंडाऱ्याच्या साध्या घरातल्या पोरीला कोण बसू देणार होतं? तबकडीने गाणं आखूड केलं, पण दारही उघडलं.

16⅔ फेरे

1977 मध्ये नासा व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडणार होती. कार्ल सेगन यांच्या गटाने त्यांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी बसवली. परग्रहावर कुणी असलंच तर त्यांना पृथ्वीची ओळख म्हणून. संगीताचे 27 नमुने निवडायचे होते. बाख, बिथोव्हन, चक बेरी होतेच. भारताकडून काय, असा प्रश्न आला तेव्हा रॉबर्ट ब्राऊन या संगीत अभ्यासकाने केसरबाईंच्या भैरवीचं नाव सुचवलं, जात कहां हो. ही रेकॉर्ड तेव्हा बाजारात मिळेना. शोधता शोधता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात, धूळ खात पडलेल्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या.

व्हॉयेजर 1 उडालं 5 सप्टेंबर 1977 रोजी. अकरा दिवसांनी, 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते यान 2012 मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं आणि आता पृथ्वीपासून 2,400 कोटी किलोमीटरहून पुढे आहे.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. ही सोनेरी तबकडी मिनिटाला 78 नाही, 16⅔ फेऱ्यांच्या वेगाने फिरवायची आहे. का? वेग कमी केला की जास्त मिनिटं मावतात, पण आवाजाचा दर्जा उतरतो. शास्त्रज्ञांनीही जास्त संगीत आणि जास्त चांगला आवाज यांत जास्त संगीत निवडलं. जगातल्या सर्वात महत्त्वाच्या रेकॉर्डवरसुद्धा हीच तडजोड झाली. मग आपली काय कथा!

आपल्या खिशात

केसरबाई गेल्या आणि दोनच वर्षांत, जुलै 1979 मध्ये, सोनीचा वॉकमन आला. गाणं पहिल्यांदा खऱ्या अर्थाने एकट्याचं झालं. मग 1982 मध्ये सीडी, नव्वदच्या दशकात एमपी3, 2001 मध्ये हजार गाणी खिशात ठेवणारा आयपॉड. आपल्याकडे त्याचा खरा अवतार म्हणजे मोबाईलच्या दुकानात थोड्या पैशांत गाणी भरून मिळणारं मेमरी कार्ड. तुमसर असो की साकोली, बसस्टँडजवळ असं दुकान असायचंच.

एमपी3 काय करतं? साडेतीन मिनिटांचं गाणं सीडीच्या दर्जात साधारण 37 एमबी होतं. 128 केबीपीएसच्या एमपी3 मध्ये तेच साडेतीन एमबीच्या आत बसतं, म्हणजे अकरा पट लहान. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला तसाही कळणार नाही, या हिशोबाने तो काढून टाकतात. हिशोब पुष्कळदा बरोबर असतो. पण बिटरेट फार उतरवला की पहिला मार बसतो तो सुराच्या कडांना, तंबोऱ्याच्या झंकाराला, तबल्याच्या शेवटच्या गुंजेला. वर ब्लूटूथ त्याच आवाजाला पुन्हा एकदा दाबून पाठवतं. म्हणजे ज्या तंबोऱ्याला 78 च्या तबकडीने बुडवलं, त्याला आपण चांगलं रेकॉर्डिंग हाती असतानाही स्वतःहून बुडवतो.

खरं सांगायचं तर हे आता सुधारतंय. बऱ्याच अॅपवर दर्जा वाढवायची सोय आहे, साधी वायरची हेडफोन स्वस्तात मिळते. बदललेली मोठी गोष्ट आवाज नाही, आपलं ऐकणं आहे. स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजलं की गाणं ऐकलं असं मोजलं जातं. गाणी त्या तीस सेकंदांसाठी बांधली जाऊ लागली आहेत, सुरुवातीचं संगीत आखडतंय, हूक पुढे सरकतोय. केसरबाईंच्या काळी लाखेची तबकडी मिनिटं ठरवायची. आज आपला अंगठा ठरवतो. फरक हा, की तबकडीचा नाइलाज होता. अंगठ्याचा नाही.

आणखी एक. भंडारा ते नागपूर एसटीत इंजिनचा आवाज इतका असतो की आपण नकळत व्हॉल्यूम वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ठीक, त्याहून मोठा असेल तर तितका कमी वेळ. कानाची नस एकदा गेली की परत येत नाही. मग दर्जाची चर्चा करायला उरणार काय?

एकत्र ऐकणं मात्र आपल्या झाडीत अजून मेलेलं नाही. धान कापून झालं की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रातभर माणसं मंडपात बसतात, समोर गाणारा गातो, वन्समोर आला की पुन्हा गातो. तिथे स्किपचं बटण नसतं. केसरबाईंना ती नाटकं आवडली असती की नाही, देव जाणे. पण समोरच्या माणसासाठी गायचं, ही त्यांची अट तिथे पूर्ण होते.

तेव्हा राजेहो, एक करून बघा. केसरबाईंचा नट कामोद इंटरनेटवर शोधा. एकदा फोनच्या स्पीकरवर लावा. मग रात्री घर झोपल्यावर, वायरची हेडफोन लावून, व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवून तोच पुन्हा ऐका. फोन उलटा ठेवा, अंगठा लांब ठेवा. खरखर येईल, येऊ द्या. त्या खरखरीत लाख आहे, सुई आहे आणि अकरा वर्षांची तालीम आहे. साडेतीन मिनिटांचा तर प्रश्न आहे.