मंटोने फोडलेली गुपिते

सआदत हसन मंटोने जानेवारी १९४८मध्ये मुंबई सोडली. बोटीने तो कराचीला गेला आणि तेथून लाहोरला. चित्रपटकथा लिहून मिळणारा पैसा, भायखळ्याच्या क्लेअर रोडवरील अडेल्फी चेंबर्समधील संसाराच्या आठवणी, मित्रांच्या मैफली हे सारे मागे राहिले. बरोबर गेले ते मित्रांनी विश्वासाने सांगितलेले आणि त्याने स्वतः पाहिलेले. पुढच्या सात वर्षांत लाहोरमध्ये त्याने तेच भांडवल बाजारात आणले.

पंजाबातील समराळा येथे ११ मे १९१२ रोजी जन्मलेला मंटो १९३६मध्ये ‘मुसव्विर’ या उर्दू साप्ताहिकाचा संपादक म्हणून मुंबईत आला. दिल्लीच्या आकाशवाणीवरील दीड-दोन वर्षे सोडली, तर फाळणीपर्यंत तो मुंबईचाच होता. ‘फिल्मइंडिया’चे संपादक बाबूराव पटेल यांच्या उर्दू साप्ताहिकाचे कामही त्याने केले. पुढे फिल्मिस्तानमध्ये अशोककुमारशी त्याची गाढ मैत्री जमली. ‘आठ दिन’ (१९४६) या चित्रपटात तर त्याने एक छोटी भूमिकाही केली. स्टुडिओत येणाऱ्या या लेखकासमोर कोणी जपून बोलत नसे. तो घरचाच होता.

नर्गिसची गोष्ट पाहा. मंटोच्या पत्नीच्या, सफियाच्या, बहिणी ओळख न देता नर्गिसला फोन करीत. गप्पांतून मैत्री वाढली आणि एके दिवशी ही मोटारीतून फिरणारी तारका जद्दनबाईंसह थेट मंटोच्या घरी आली. समवयस्क मुलींत बसून ती मनमोकळी हसली, बोलली. आईने बैठकीत आपल्या पूर्वायुष्याच्या कहाण्या ऐकविल्या. यथावकाश हे सारे मंटोच्या लेखात आले. नर्गिसचे गाणे बेताचे होते, हेही त्याने लिहून टाकले.

लाहोरच्या ‘आफाक’ या दैनिकातून ही व्यक्तिचित्रे येऊ लागली आणि १९५२मध्ये ती ‘गंजे फरिश्ते’ या पुस्तकात एकत्र झाली. मेलेल्या माणसाचे चारित्र्य धुऊन, इस्त्री करून ठेवण्याची रीत आपल्याला मान्य नाही, असे त्याने त्यात बजावले होते. देवदूतांचे डोके भादरणारे न्हाव्याचे दुकान, असा पुस्तकाच्या नावामागील भाव. देविकाराणी नायक नजमुल हसनबरोबर बॉम्बे टॉकीज सोडून कशी गेली, एस. मुखर्जींनी तिला कसे परत आणले आणि त्या गोंधळात प्रयोगशाळेत काम करणारा अशोककुमार कसा नायक झाला, ही हकिगत मंटोने चवीने सांगितली. आज ती चित्रपटसृष्टीच्या इतिहासाचा भाग समजली जाते. जिनांवरील लेखासाठी तर त्याने त्यांच्या जुन्या मोटारचालकालाच बोलते केले. मालकाच्या घरातले नोकराच्या तोंडून बाहेर काढण्यातही त्याला संकोच वाटला नाही.

मात्र त्याचा वस्तरा सर्वांच्या डोक्यावर सारखा चालला नाही. अशोककुमारचा बायकांपुढचा बुजरेपणा, संवाद विसरणाऱ्या व्ही. एच. देसाईंची फजिती हे त्याने मायेने रंगविले. सितारादेवी आणि नूरजहाँ यांच्या बाबतीत ती माया आटली. त्यांचे नवरे, प्रियकर, शय्यागृहे यांचा पाढा त्याने असा वाचला, की वाचकाला आजही अवघडल्यासारखे होते. पुरुष मित्रांच्या बाहेरख्यालीपणाला जी मिस्कील सवलत मिळाली, ती या स्त्रियांच्या वाट्याला आली नाही. मंटोच्या निर्भीडपणाचे गोडवे गाणारे ही बाजू बहुधा वगळतात.

पैशांची निकड हे एक कारण होतेच. लाहोरमध्ये चित्रपटाचे काम मिळेनासे झाले होते, ‘ठंडा गोश्त’ कथेवरून खटला चालला, दारू सुटत नव्हती. बाटलीपुरते पैसे हातावर पडले की तो लेख लिहून देई. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांतील बरेच जण सीमेपलीकडे होते. त्यांच्या दारी पुन्हा जाण्याची वेळ येणार नव्हती. अमेरिकेत ट्रुमन कपोटीने १९७५मध्ये न्यूयॉर्कच्या धनाढ्य मैत्रिणींची गुपिते ‘एस्क्वायर’ मासिकात छापली, तेव्हा त्याच शहरातील दारे त्याला बंद झाली. मंटोची दारे देशाच्या फाळणीनेच आधी बंद केली होती.

या साऱ्या गुपितांत एक वेगळे आहे. नट श्याम हा त्याचा जिवलग मित्र. फाळणीच्या दिवसांत रावळपिंडीहून आलेल्या एका शीख कुटुंबाने भोगलेले अत्याचार दोघांनी ऐकले. श्याम हादरला. मीही मुसलमान, मला मारावेसे तुला वाटत नाही का, असे मंटोने नंतर विचारले. आता नाही, पण ते ऐकताना मारू शकलो असतो, असे श्यामने उत्तर दिले. मंटोच्या मुंबई सोडण्यामागे हे उत्तर होते. बॉम्बे टॉकीजमध्ये मुसलमानांना ठेवल्याबद्दल येणारी धमक्यांची पत्रेही होती.

त्याच जानेवारीत कराचीत दंगल उसळली आणि तेथून सिंधी हिंदूंनी भरलेल्या बोटी मुंबईला लागू लागल्या. त्यांतील हजारोंची रवानगी कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर नाव दिले, तरी कॅम्प नंबर २ हा पत्ता लोकांच्या तोंडी राहिलाच. बराकीत दोन कुटुंबांमध्ये गोणपाटाचा पडदा असे. त्याच्याआड गुपित ते काय राहणार? तरीही मागे काय घडले, शेजाऱ्याबद्दल मनात काय येऊन गेले, हे त्या पिढीतील अनेकांनी मुलांनाही सांगितले नाही. श्यामसारखा क्षण कित्येकांनी अनुभवला असेल. तो कागदावर उतरविणारा मंटो प्रत्येक घरात नव्हता.

श्याम १९५१मध्ये ‘शबिस्तान’च्या चित्रीकरणात घोड्यावरून पडून गेला. मंटोने त्याच्यावर लिहिताना त्याची प्रेमप्रकरणे आणि खासगी पत्रेही छापली आणि तो संवादही. संतापाच्या भरात उमटलेली, मैत्रीच्या भरवशावर बोलून दाखविलेली ती कबुली जगजाहीर करण्याचा हक्क मंटोला होता का, हा प्रश्न सुटत नाही. पण फाळणीने चांगल्या माणसाच्या मनातही काय पेरले, याची इतकी प्रांजळ साक्ष दुसरीकडे क्वचितच सापडते. नंदिता दास यांच्या २०१८मधील ‘मंटो’ चित्रपटातही हा प्रसंग आहे.

१८ जानेवारी १९५५ रोजी वयाच्या ४२व्या वर्षी लाहोरमध्ये मंटोचे निधन झाले. त्यानंतर मित्रांची पाळी आली. उपेंद्रनाथ अश्क यांनी ‘मंटो : मेरा दुश्मन’ आणि इस्मत चुगताई यांनी ‘मेरा दोस्त, मेरा दुश्मन’ लिहिले. त्याच्या हट्टाविषयी, भांडणांविषयी आणि दारूविषयी त्या दोघांनीही हातचे राखून ठेवले नाही.